नावापुढचा 'द', नावामागचा 'कर'

चौदा जुलैला आमचे म्हातारबुवा घरातले सगळे पडदे ओढून घेत, फोन बंद करत, काळा टाय लावत आणि सुतक पाळत बसत. त्या दिवशी सगळा फ्रान्स क्रांतीचा सण साजरा करतो. अबुधाबीतल्या एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर मात्र त्या दिवशी गॅससुद्धा पेटत नसे. मी त्यांच्या दाराची घंटा पहिल्यांदा वाजवली तो नेमका हाच दिवस.

दार फिलूमावशीने उघडलं. मावशी वसईची. त्यांच्याकडे स्वयंपाकाला आणि एकूणच राज्यकारभाराला होती. माझ्या गळ्यातल्या बिल्ल्यावरचं आडनाव वाचून ती मराठीत कुजबुजली, "आजच यायचं होतं तुला? बाबाचं सुतक आहे."

"अरे बापरे. कोण गेलं?"

"राजा."

"कधी?"

"झाली असतील दोनशेवर वर्षं. पण राजा जानेवारीत मेला, त्याच्यासाठी चर्चमधला मिस्सा वेगळा. आज नुसता तुरुंग फुटला."

मी तिथे नोकरीचा भाग म्हणून गेले होते. आमची कंपनी लोकांचे जुने कागद संगणकात भरून देण्याचं काम करते. हे गृहस्थ फ्रान्सचे निवृत्त मुत्सद्दी, जन्माने उमराव, वयाने ऐंशीच्या पुढचे. या किनाऱ्यावर काही दशकं फिरून त्यांनी मणी, मोहरा, जाळ्यांची दगडी वजनं, चिनी भांड्यांचे तुकडे असं तीनशेच्या वर काहीबाही जमवलं होतं आणि रास अल खैमातल्या एका छोट्या संग्रहालयाला ते सगळं देऊ केलं होतं; यादी पुरी होईपर्यंत खोकी घरातच होती. त्याची यादी करायला मी आले होते.

माझं सांगायचं तर, मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे. चिपळूणला बाबांचा पायाने चालवायचा छापखाना होता आणि त्यावर लग्नपत्रिकांपेक्षा मोर्चाची पत्रकं जास्त निघत. 'स' सफरचंदाचा हे मला शाळेत कळलं. घरात 'स' सरंजामशाहीचा होता. अशा मुलीला कंपनीने एका राजनिष्ठ उमरावाच्या घरी पाठवलं. मी मनात ठरवून गेले होते की काम करीन, पण मान वाकवणार नाही.

अंधाऱ्या खोलीत ते ताठ बसले होते. मोजा अंगठ्यावर रफू केलेला, कोटाची बाही झिजलेली. त्यांनी माझं नाव विचारलं, मग वडिलांचं, मग आजोबांचं. मग म्हणाले, "आजोबा काय करत?"

मी वाटच पाहत होते. म्हटलं, "खोताच्या जमिनीत राबत. खोत म्हणजे आमच्याकडचा तुमच्यासारखा माणूस. नंतर कायदा झाला, जमीन आजोबांच्या नावावर झाली आणि खोत गेला."

ते उठले. उठायला त्यांना वेळ लागे. त्यांनी स्वतःच्या हाताने एक खुर्ची ओढून माझ्यापुढे ठेवली. "म्हणजे आपण जुने शत्रू. बसा, मादमोआझेल. शत्रूला आधी बसायला द्यायचं असतं."

मी बसले. माझा पहिला मुद्दा तिथेच वाया गेला.

पुढच्या महिन्यांत आमची भांडणं हा त्या घरातला नेमाचा कार्यक्रम झाला. मी विचारायची, "राजा हवा होता तर प्रजासत्ताकाचा पगार चाळीस वर्षं कसा घेतलात?" ते म्हणत, "मी फ्रान्सची चाकरी केली. प्रजासत्ताक त्या वेळी तिथे भाडेकरू होतं." मी म्हणायची, जन्मावरून माणूस मोठा ठरत नाही. ते म्हणत, बरोबर आहे, फक्त मोठ्या घरात जन्मून लहान ठरणं जरा जास्त लाजिरवाणं होतं. फिलूमावशी मधेच चहा आपटून ठेवायची. "बाबा, ती पोर जिंकली. आता गोळी घ्या."

त्यांच्या घराण्याचा वाडा विकला जाऊन तिथे हॉटेलात काम करायचं शिक्षण देणारी शाळा झाली होती. बायको लवकर गेली, मूल झालं नाही, भाऊबंद संपले. ते नाव लावणारे जगात ते शेवटचे. हे ते दुःखाने नाही, हवामान सांगावं तसं सांगत. पण संग्रहालयाशी झालेल्या बोलण्यात त्यांनी एकच गोष्ट मागून घेतली होती. प्रत्येक वस्तूखालच्या पाटीवर दुसऱ्या ओळीत त्यांच्या घराण्याचं नाव हवं. तीनशे पाट्या, तीनशे वेळा नाव. संग्रहालयात या वस्तूंचं दालन उघडेल त्या दिवसासाठी ते जगत होते, असं मावशी म्हणायची, आणि ते खरं होतं.

त्यांची काम करायची पद्धत वेगळी होती. प्रत्येक वस्तूचं हाताने लिहिलेलं एक कार्ड. वस्तू काय, कुठली, कोणाला सापडली, त्याच्या बापाचं नाव काय. वस्तूचं वर्णन दोन शब्दांत आटोपलेलं असे. माणसाचं चार ओळींत. कोण मच्छीमार, कोण शेळ्या राखणारा, कोण विहीर खणणारा बलुची. सोबत त्याचं गाव आणि आजोबाचं नाव माहीत असेल तर तेही. एका दुकानदाराने आणलेली सुरेख मोहर त्यांनी परत केली होती, कारण ती कोणाला सापडली हे त्याला सांगता येईना. "बेवारशी वस्तू घेऊन मी काय करू," म्हणाले.

मला हा सगळा वंशावळींचा सोस वाटला. त्यात माझं तत्त्व आडवं आलं. इतिहास व्यक्ती घडवत नाही, समूह घडवतो, असं मी लहानपणापासून वाचत आले होते. शिवाय संगणकातल्या रकान्यात ती लांबलचक नावं मावत नव्हती. पहिल्या चाळीस कार्डांच्या त्या रकान्यात मी सरळ 'स्थानिक कामगार' असं भरलं. अभिमानाने भरलं. आणि आमच्या कंपनीच्या शिस्तीप्रमाणे भरून झालेली कार्डं कागद फाडायच्या यंत्रात घालायला देऊन टाकली.

छापील यादी पाहून त्यांचा आवाज चढलेला मी एकदाच ऐकला. "स्थानिक कामगार? हा कोण? याचा बाप कोण?"

मी माझं भाषण केलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि मग म्हणाले, "आमच्याकडेही सगळ्यांना समान करायला सगळ्यांचं एकच नाव ठेवलं होतं, नागरिक. पुढे त्यातल्या बऱ्याच नागरिकांची डोकी गेली. नाव काढून घेतलं की पुढचं सोपं जातं. मूळ कार्डांवरून दुरुस्त करा."

"करते," मी म्हटलं. कार्डं उरली नाहीत हे मी सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत राहिले. ज्या मुलीने शाळेत मुख्याध्यापकांच्या तोंडावर चूक दाखवली होती, तिची जीभ एका म्हाताऱ्यापुढे रेटली नाही.

त्या हिवाळ्यात आम्ही रास अल खैमाला गेलो. तिथे एका गोदामासाठी पाइपचा चर खणताना एक वाडगा सापडला होता, निळसर हिरव्या झिलईचा, कडेला टवका उडालेला. संग्रहालयाने तो यांच्या दालनात मधोमध ठेवायचं ठरवलं होतं. पण यांना आधी तो ज्याला सापडला त्याला भेटायचं होतं.

तो निघाला आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातला. महादेव नाव. पंधरा वर्षं इकडे. त्याच्यासोबत जेवणाच्या सुट्टीत तिघे आणखी आले, सगळे कोकणातले. मी मराठीत बोलल्यावर चौघांचे चेहरे सैल झाले.

"मशीन चालू होतं, मॅडम," महादेव सांगत होता. "बकेट खाली येणार तेवढ्यात मला कड दिसली. मी आडवा उभा राहिलो. फोरमन वरून यल्ला यल्ला ओरडतोय. मी म्हटलं, भांडं आहे. भांडं फोडून पाइप कोण घालतं?"

"आणि मग?"

"मग काय. टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेऊन बसलो, ऑफिसचा माणूस येईपर्यंत. दोन तासांचा पगार कापला असेल. खलास."

म्हातारबुवांनी वही काढली. "नाव?"

त्याच्या ओळखपत्रावर होतं महादेव गंगाराम. "हे वडिलांचं नाव," मी सांगितलं. "आडनाव गळलंय. पासपोर्ट काढतानाच गळलं असेल. पुष्कळांचं गळतं."

"साइटवर मला गंगारामच म्हणतात," महादेव म्हणाला. "बाप घरी बसून पंधरा वर्षं दुबईत कामाला."

"आणि आडनाव?"

"तळेकर."

"म्हणजे?"

"तळे गावचा तो तळेकर," मी सांगितलं. "गावाच्या नावाला 'कर' लावतात."

त्यांनी लिहिणं थांबवलं. बाकीच्या तिघांची नावं विचारली. मांडवकर, पावसकर, हर्चेकर. मला गावं विचारली. मांडव, पावस, हर्चे. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि त्या उन्हात उघड्या डोक्याने उभे राहिले. मग माझ्या कानाशी येऊन दबल्या आवाजात विचारलं, "चारही जण? यांच्याकडे कोणती क्रांती झाली?"

मला कळायला एक क्षण लागला. त्यांच्या स्वतःच्या नावात गावाच्या नावापुढे 'द' होता. अमुक गावचा तो 'द' अमुक, आणि तो असणं म्हणजे उमराव असणं. त्यांना वाटलं, समोर चार घराण्यांचे वारस हातात फावडी घेऊन उभे आहेत.

मी इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं. महादेव म्हणाला, "काय म्हणतात खोत?"

"म्हणतात, तुम्ही सरदार आहात."

"मग विचारा, सरदाराला सेफ्टी शूज कधी मिळतील. हे बघा, अंगठा बाहेर आलाय."

मी म्हातारबुवांना समजावलं. जमीनजुमला काही नाही, जहागीर नाही, 'कर' म्हणजे नुसतं तिथला. याची गावाला दीड खोली आहे आणि फणसाचं झाड चुलत्याच्या नावावर. त्यांनी वहीत 'तळेकर' पूर्ण लिहिलं. मग म्हणाले, "मग आमच्या 'द'चा तरी दुसरा अर्थ काय, मादमोआझेल? आम्हीही नुसते तिथले होतो. आम्ही ते जरा मोठ्याने सांगितलं, एवढंच." टोपी मात्र त्यांनी गाडीत बसल्यावरच घातली. त्या दिवसापासून महादेव त्यांच्यासाठी 'मस्यू द तळे' झाला. घराण्याची खूण असलेल्या जाड कागदावर त्यांनी ठेकेदाराला एक पत्र लिहिलं, ते मीच टपालात टाकलं. पंधरा दिवसांत त्या चौघांना नवे बूट मिळाले. याच बुटांसाठी मी वेगवेगळ्या कार्यालयांना तीन ईमेल लिहिले होते. पत्र उमरावाचं होतं म्हणून काम झालं, याचा मला अजून राग आहे. बूट मिळाले याचा आनंदही आहे.

दालन उघडायला महिना राहिला असताना संग्रहालयाने आम्हाला पाट्या पाहायला बोलावलं. तिथली अधिकारी माझ्याच वयाची, एमिराती, कामाला चोख. सगळं नीट होतं. फक्त वाडग्याखाली लिहिलं होतं, 'बांधकामादरम्यान सापडला.'

"कोणाला?" म्हातारबुवांनी विचारलं.

ती म्हणाली, "सर, पाटीवर वस्तूखाली एकच ओळ बसते. ती ओळ देणाऱ्याच्या नावाची आहे. तुमच्या घराण्याची. हा वाडगा तुमचा नाही म्हणून तिथे हे लिहिलं."

"तिथे त्याचं नाव लिहा."

"मग लोक विचारतील, एकाच पाटीवर शोधणाऱ्याचं नाव का? सगळ्या पाट्या एकसारख्या हव्यात, वरून तसा नियम आहे. सगळीकडे देणाऱ्याचं, नाहीतर सगळीकडे शोधणाऱ्याचं. दोन्हीपैकी कोणतंही मी करून देईन, इन्शाल्ला. पण दोन्ही एकत्र नाही."

त्यांनी चहा मागितला. एक पेला घेतला, मग दुसरा. पेला बशीवर ठेवताना त्यांनी फार काळजी घेतली. भिंतीवरच्या नमुन्यात त्यांचं नाव छापलेलं होतं, 'द'सकट. त्याच्याकडे त्यांनी एकदा पाहिलं.

"शोधणाऱ्यांची लिहा," ते म्हणाले.

मीच बोलले. मी, पत्रकवाल्याची मुलगी. "सर, असं नका करू. तुम्ही एवढी एकच गोष्ट मागितली होती. नंतर तुमचं नाव कुठेच राहणार नाही."

"माझं नाव आठशे वर्षं कागदांवर आहे. मस्यू द तळे यांचं आजवर फक्त हजेरीपटावर आहे, तेही अर्धं." मग त्या मुलीकडे वळून म्हणाले, "ओळखपत्रात 'कर' नाही. तो पाटीवर हवा. तो घालत नसाल तर मी अजून चहा मागवतो आणि इथेच बसतो."

ती हसली. 'कर' घातला.

परतीच्या वाटेवर ते खुशीत होते. म्हणाले, बरं झालं कार्डं लिहून ठेवली, आता तुमच्याकडची ती चाळीस तेवढी काढा. दोन्ही बाजूंना वाळू होती आणि गाडीतून उतरून पळून जायला कुठे जागा नव्हती. मी सांगितलं. कार्डं फाडली गेली. त्यावरची नावं दुसरीकडे कुठेच नाहीत. आणि हे मी इतके महिने लपवलं.

"चाळीस?" एवढंच त्यांनी विचारलं.

"चाळीस."

जबल अली मागे पडलं, अबुधाबीचे पूल आले. घराच्या दाराशी म्हणाले, "उद्या सकाळी आठला या."

मला वाटलं, कंपनीला कळवतील. सकाळी गेले तर टेबलावर ती चाळीस वस्तूंची खोकी मांडलेली आणि ते डोळे मिटून बसलेले. मी एकेक वस्तू त्यांच्या तळहातावर ठेवायची. ते बोटांनी चाचपत, ओठ हलवत, आणि मग नाव येई. त्याचं, बापाचं, गावाचं. कधी दहा मिनिटांनी, कधी तासाने. मावशी स्वयंपाकघरातून म्हणायची, "लितानी चाललीय, चर्चमध्ये संतांची नावं घेतात तशी." तीन दिवसांत सदतीस नावं आली. मी टाइप करत होते आणि पहिल्यांदाच प्रत्येक नाव मोठ्याने वाचत होते. अशी माणसं माझ्या 'कामगार' या शब्दात मी कधी मोजलीच नव्हती. मी आजही राजांच्या विरोधात आहे, त्यात तसूभर फरक नाही. पण त्या तीन दिवसांनंतर मी बाबांच्या छापखान्यासाठी पत्रक लिहिते तेव्हा खाली माणसांची पूर्ण नावं असतात, आणि बाबा फोनवर कुरकुरतात की पान वाढतं.

तीन नावं मात्र आली नाहीत. एका निळ्या मण्याबद्दल त्यांना सगळं आठवलं. माणसाचा एक डोळा अधू होता, त्याने कलिंगड कापून दिलं होतं, त्याची बायको आतून कशावर तरी रागावत होती. नाव तेवढं आलं नाही. ते स्वतःवर चिडले, जेवले नाहीत.

दालन उघडलं. महादेव सुट्टी काढून आला. पाटीसमोर उभा राहून त्याने फोटो काढला आणि आईला पाठवला. आईचं उत्तर त्याने मला वाचून दाखवलं: नाव बरोबर आहे, बाबांचंही बरोबर आहे, पण एवढ्या मोठ्या ठिकाणी वाडगा फुटका का ठेवलाय?

म्हातारबुवा पुढच्या उन्हाळ्यात गेले. मावशीने फोनवर सांगितलं तेव्हा मी कामावर होते, आणि मी पडदा ओढून घेतला. त्यांचे आभार मी कधीच नीट मानले नाहीत. आम्हाला भांडणातून वेळच झाला नाही.

आभार मानायला हवे होते तो दिवस मला माहीत आहे. दालन उघडायच्या आधी त्या अधिकारी मुलीने फोन करून सुचवलं होतं की तीन पाट्या रिकाम्या राहताहेत, तिथे निदान घराण्याचं नाव घालू, नियमाचं मी पाहून घेते. मला वाटलं, देवाने दार उघडलं. तीनशेतल्या तीन तरी. मी त्यांना सांगितलं. त्यांनी कागद ओढून घेतला आणि त्या तीन पाट्यांसाठी एकच ओळ लिहिली: 'ज्याला हे सापडलं त्याचं नाव आम्ही हरवलं आहे. क्षमा असावी.'

मी ती दोनदा वाचली. म्हटलं, "सर, 'आम्ही' नको. चूक माझी आहे. 'आम्ही'मध्ये तुम्ही विनाकारण येता."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "मादमोआझेल, इतकी पत्रकं वाचलीत आणि एवढं ठाऊक नाही? राजेलोक स्वतःबद्दल बोलताना नेहमी 'आम्ही'च म्हणतात. त्यात तुम्ही कुठेच नाही."